बेरु म्हणजे मूळ

आमच्या घरातलं मोठं ऑर्किड कुंडीबाहेर पडायला लागलं, त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. हे झाड उभं वाढत नाही, आडवं चालत जातं. दरवर्षी पुढच्या बाजूला एक नवा कोंब येतो, तो फुगून त्याची बोटापेक्षा जाड कांडी होते, कांडीच्या डोक्यावर चामड्यासारखं एक पान, आणि त्या पानाच्या बुडातून फूल. जांभळं, तळहाताएवढं. सकाळी ऊन आलं की त्याचा वास गॅलरीतून स्वयंपाकघरापर्यंत यायचा. चालत चालत झाड कुंडीच्या काठापर्यंत पोहोचलं, मग काठ ओलांडून पलीकडे गेलं. नवीन कांड्या हवेत लोंबत होत्या आणि त्यांची पांढरी मुळं कुंडीला बाहेरून पालीसारखी चिकटली होती.

"या उन्हाळ्याच्या आधी ह्याला सोडवायचंच," असं आई त्या वर्षी म्हणाली होती. तिने नव्या कुंड्या आणवून ठेवल्या होत्या. कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणं, सगळं गच्चीवर एका जुन्या बादलीत भिजत घातलं होतं. पण थंडी सरता सरता तिलाच अर्धांगाचा झटका आला.

आईबद्दल आधी थोडं सांगायला हवं. ती अक्कलकोटच्या पलीकडच्या गावातली, जिथे दुकानात मराठी आणि चुलीपाशी कन्नड चालतं. मराठी ती शाळेत शिकली आणि पुढे आयुष्यभर मराठी शाळेतच मास्तरीण झाली. तिचे ण आणि न, श आणि ष कधी चुकले नाहीत. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते नातेपुत्याकडचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं खोलण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांच्या तोंडी 'हाय' आणि 'न्हाय'. आई आमच्यादेखत त्यांना सुधारायची, "नाही म्हणा हो, मुलीच्या कानावर पडतं." अण्णा म्हणायचे, "बसच्या इंजिनाला न्हायच कळतं." कन्नड मात्र त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. आई तिच्या अक्काशी, म्हणजे माझ्या मावशीशी, फोनवर तासभर कन्नडात बोलायची, तेव्हा ते रेडिओचा आवाज वाढवायचे.

ते जांभळं ऑर्किड मावशीनेच आपल्या झाडातून काढून बेंगळूरहून आणलं होतं, मांडीवर धरून, रेल्वेने. आई तेव्हा नुकतीच निवृत्त झाली होती. "सोलापुरात जगणार नाही गं ते," असं येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला सांगून गेला. इथला उन्हाळा काही लपवण्यासारखा नाही. नळाला पाणी येतं तेही काही दिवसांआड, आणि ते भांड्यात आटलं की तळाला पांढरा थर बसतो. ऑर्किडला असलं पाणी चालत नाही. आईने पावसाचं पाणी गच्चीवरच्या पिंपात धरायला सुरुवात केली. पिंप संपलं की एसीच्या नळीखाली बादली. शेजारच्या घरी एसी होता, आमच्याकडे नव्हता, तर शेजारणीला सांगून ती त्यांच्या नळीखाली बादली लावून आली. एप्रिल-मेमध्ये गॅलरीच्या गजांवर जुनी चादर भिजवून टाकायची. आमच्या चादरी जाड, दुपारपर्यंत ओल धरून ठेवतात. त्या चादरीमागे गॅलरी एखाद्या विहिरीच्या पायऱ्यांसारखी गार व्हायची. झाड जगलं. एवढंच नाही, दिवाळीच्या सुमारास फुललं, आणि जे जे नाही म्हणून गेले होते त्या सगळ्यांना आईने चहाला बोलावलं.

झटका आला तेव्हा ती त्याच गॅलरीत होती. हातातला मग पडल्याचा आवाज आला. सुट्टीला घरी आलेली मी धावले तर ती गजाला धरून उभी होती आणि माझ्याकडे बघून काहीतरी सांगू पाहत होती. तोंडातून नुसता श्वास येत होता.

दवाखान्यात तिचा उजवा हात आणि पाय जवळजवळ गेलेला होता. डोळे स्वच्छ होते. आम्हाला ओळखत होती, आम्ही बोललेलं तिला कळत होतं, पण बोलता काही येत नव्हतं. काही दिवसांनी एका दुपारी ती पहिला शब्द बोलली.

"नीरु."

अण्णा खुर्चीतून उठले. "काय म्हनली? कुनाचं नाव घेतीय?"

"पाणी मागतेय, अण्णा," मी म्हटलं. सुट्ट्या आजोळी काढल्यामुळे मला कन्नड कळतं, मोडकंतोडकं बोलताही येतं.

अण्णांनी चमच्याने पाणी पाजलं. आई परत म्हणाली, "नीरु," आणि मग, "साकु." पुरे. त्यानंतर जे शब्द यायला लागले ते सगळे तिच्या लहानपणचे. मराठीचा एकही नाही. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले की कधी कधी आईच्या मांडीवर ऐकलेली भाषा आधी परत येते, सगळ्यांचं तसं होतंच असं नाही, दुसरी येईल की नाही हे आत्ता सांगता येणार नाही. वाट बघा.

अण्णा म्हणाले, "इतकी वर्षं माझ्यासंगं मराठीत भांडली. आता कन्नडात भांडणार व्हय?" हे म्हणताना त्यांनी आईकडे बघून हसायचा प्रयत्न केला आणि मग बाहेर जाऊन व्हरांड्यात बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

घरी आणल्यावर आम्ही तिची वेताची खुर्ची गॅलरीत ठेवली. मी पुण्याच्या ऑफिसचं काम घरून करायची परवानगी घेतली होती. सकाळी व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, ती फार गोड होती, पण आई तिला साथ देत नव्हती. हात उचला म्हटलं की मान फिरवायची. जुने विद्यार्थी भेटायला यायचे. मोठमोठे बापे, कुणी वकील, कुणी चादरीच्या कारखान्याचा मालक. त्यांची चाहूल लागली की आई डोळे मिटून झोपल्याचं सोंग करायची. मला कारण कळत होतं. ज्यांना तिने बाराखडी शिकवली त्यांच्यासमोर तिला 'बस' एवढंही म्हणता येणार नव्हतं.

झाडांचं सगळं अण्णांनी अंगावर घेतलं होतं. त्यांना त्यातलं काही येत नव्हतं, पण आईची झाडं सुकली असं व्हायला नको म्हणून ते रोज सकाळी प्रत्येक कुंडीला तांब्या तांब्या पाणी घालायचे. प्रेमाने घालायचे. आई खुर्चीतून बघायची, तिच्या कपाळावर आठी यायची आणि अण्णांना वाटायचं, तिला ऊन लागतंय. ते खुर्ची सरकवायचे.

एक दिवस मी आत कॉम्प्युटरवर मीटिंगमध्ये होते. बाहेरून आईचा आवाज येत होता. एकच शब्द, परत परत. मग अण्णांचा आवाज, "आनतो की! आत्ता आनतो!" आणि स्कूटर सुरू झाल्याचा. मीटिंग संपवून मी बाहेर आले तर आईपुढे ताटली होती. ताटलीत पेरूच्या फोडी, वर तिखट-मीठ. अण्णा समोर उकिडवे बसून तिच्या तोंडाकडे बघत होते. आईच्या डाव्या हातात एक फोड होती आणि ती त्या फोडीकडे असं बघत होती, की हे काय आहे.

"पेरू मागत हुती," अण्णा अभिमानाने म्हणाले. "मी म्हनलं, मराठी आलं बघ हिचं!"

आईने माझ्याकडे बघितलं. डाव्या हाताने कुंडीकडे बोट केलं. "बेरु," ती म्हणाली.

मला काही क्षण लागले. "अण्णा, पेरू नाही. बेरु. बेरु म्हणजे मूळ. ती झाडाची मुळं म्हणतेय."

अण्णांनी कुंडीकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं. आणि आई हसली. झटक्यानंतर पहिल्यांदाच. तोंडाच्या एकाच बाजूने हसत होती, पण पोट हलेपर्यंत. तिचं बघून अण्णाही हसायला लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि एक फोड स्वतःच्या तोंडात टाकली. "पेरू पन चांगला हाय," ते म्हणाले.

मग आम्ही कुंडी जवळ आणली. आतलं सोडण कुजून चिखल झालं होतं, त्याला ओल्या गोणपाटासारखा आंबूस वास येत होता. आतली मुळं काळी पडली होती. मागच्या कांड्यांना सुरकुत्या आल्या होत्या. पण काठाबाहेर लोंबणाऱ्या दोन नव्या कांड्यांच्या बुडाशी बारीक हिरवी टोकं फुटली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. आईने डाव्या हाताच्या बोटाने त्यातल्या एकाला अगदी हळू स्पर्श केला.

"ईग," ती म्हणाली. आत्ता.

मी घाबरले होते. झाड जुनं, उन्हाळा दारात, आणि ज्या एका माणसाला हे काम येत होतं तिचा हात चालत नव्हता. मी म्हटलं, "आई, पावसाळ्यात करू. बरी झालीस की." तिने मान जोरात हलवली. "ईग." नवी मुळं फुटायला लागली की तेव्हाच झाडाला हलवायचं, म्हणजे ती नव्या कुंडीत आपापली जागा धरतात, एकदा लांब वाढली की मोडतात, हे तिने मला पूर्वी सांगितलं होतं. ते तिच्या डोक्यात जसंच्या तसं होतं. फक्त बाहेर यायला शब्द नव्हते.

अण्णा म्हणाले, "ती म्हनतीय आत्ता, तर आत्ता."

पुढच्या रविवारी सकाळी अण्णांनी गॅलरीत वर्तमानपत्रं अंथरली. बायपास रोडवर बंद पडलेली बस दुरुस्त करायला निघावं तसे ते आले होते. जुना खाकी शर्ट, बाह्या दुमडलेल्या. छाटणीची कात्री त्यांनी घासून, गॅसवर लाल होईपर्यंत धरून आणली होती. कात्री, हातोडी, लाकडी खुंट्या, बांधायला सुती चिंध्या, दालचिनीची पूड, सगळं एका रांगेत लावलं होतं. कुंडी पहाटेपासून बादलीत बुडवून ठेवली होती, म्हणजे चिकटलेली मुळं मऊ होतील. आई खुर्चीत, गुडघ्यावर टॉवेल. तिने त्या रांगेकडे बघितलं आणि मान हलवली. तिला पसंत पडलं होतं.

"बोला बाई," अण्णा म्हणाले. "काय करायचं पैलं?"

आईने कुंडीकडे बघून म्हटलं, "ओडी."

अण्णांनी झाडाला दोन्ही हातांनी बुडाशी धरलं आणि ओढलं. एक मूळ सालीसकट फाटल्याचा आवाज आला.

"ब्याड! ब्याड!" आई ओरडली. नको, नको.

"तूच म्हनलीस की ओढ!"

"अण्णा, थांबा," मी मध्ये पडले. "ओडी म्हणजे फोड. ती कुंडी फोडायला सांगतेय."

अण्णांनी हात मागे घेतले. मग हातोडी उचलून म्हणाले, "तुमच्या भाषेत उलटंच हाय सगळं." पण त्यांनी हातोडी ज्या रीतीने चालवली ते बघण्यासारखं होतं. कुंडीवर कान ठेवून, हलकं हलकं ठोकत ते चारी बाजूंनी फिरले. आवाज बदलला तिथे थांबले. एक टिचकीएवढा घाव घातला आणि कुंडीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. खापऱ्या एकेक करून सुटल्या. ज्या खापऱ्यांना मुळं घट्ट चिकटली होती त्या त्यांनी तशाच राहू दिल्या. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आईने ते बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर वर्गात एखाद्या पोराने न शिकवलेलं उत्तर द्यावं तसं काहीतरी आलं.

मी पावसाच्या पाण्याने मुळांचा गोळा धुतला. कुजकं सोडण निघून गेलं तेव्हा झाडाचा सांगाडा दिसायला लागला. मधोमध जुनी, पानं गळालेली कांडी, आणि तिथून दोन वाटा फुटून दोन दिशांना गेलेल्या. मी ते आईच्या मांडीवर टॉवेलात ठेवलं. तिचा निर्जीव उजवा हात अण्णांनी उचलून झाडाच्या बुडावर ठेवला, वजन म्हणून, झाड हलू नये यासाठी. आणि आई डाव्या हाताने मुळं चाचपायला लागली.

ती प्रत्येक मूळ अंगठा आणि बोटात धरून दाबून बघत होती. टणक लागलं की सोडून द्यायची. पोकळ, मऊ लागलं की माझ्याकडे बघायची आणि मी ते कापायची. डावखुरी ती कधीच नव्हती. मूळ निसटत होतं, ती परत धरत होती. खाली रस्त्यावर भाजीवाल्याची हाक येऊन गेली. जी बाई रोज सकाळी हात उचला म्हटल्यावर मान फिरवायची, ती घामाने भिजली तरी थांबायला तयार नव्हती. दोनदा मी "आई, दमलीस" म्हटलं. दोनदा तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

मग कापायची वेळ आली. प्रत्येक भागाला कमीत कमी तीन कांड्या हव्यात, नाहीतर झाडाला स्वतःला सांभाळायची ताकद राहत नाही. आईने तीन बोटं वर केली आणि मग आडव्या खोडावर एका जागी नख टेकवलं.

"कोय," ती म्हणाली. काप.

अण्णांनी कात्री उचलली, आईच्या तोंडाकडे बघितलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "कोय? मग आंबा बी आनू का?"

या वेळी त्यांना अर्थ ठाऊक होता. आईलाही ते ठाऊक होतं. तिने डाव्या हाताने त्यांच्या दंडावर एक चापट मारली.

पण कात्री खोडावर टेकल्यावर अण्णांचा हात थांबला. "इंजिन चुकलं तर परत खोलता येतंय," ते हळू म्हणाले. "हे एकदा तुटलं की तुटलं." आईने तिचा हात त्यांच्या मनगटावर ठेवला. ढकलला नाही, नुसता ठेवला. "मेल्लक," ती म्हणाली. सावकाश. मला ते भाषांतर करून सांगावं लागलं नाही. त्यांनी श्वास घेतला आणि कात्री दाबली. कट्ट असा आवाज झाला आणि दोन झाडं झाली.

प्रत्येक कापानंतर अण्णा आत जाऊन कात्री पुन्हा गॅसवर धरून आणत होते, मी जखमा कुजू नयेत म्हणून त्यांना दालचिनीची पूड लावत होते. सगळं घर बिर्याणीसारखं दरवळायला लागलं. शेवटी हाती आले नव्या कोंबांचे दोन चांगले भाग, मागच्या बाजूचा एक कमजोर भाग, आणि पानं नसलेल्या काही जुन्या, सुरकुतलेल्या कांड्या. अण्णा त्या कांड्या केरात लोटायला लागले.

"ब्याड," आई म्हणाली.

"र्‍हायलं," म्हणून त्यांनी त्या लगेच उचलून ओल्या काथ्यावर बाजूला ठेवल्या.

कुंड्यांमध्ये तळाला विटांचे तुकडे, वर कोळसा आणि सोडणाचे तुकडे. झाडाची जुनी बाजू कुंडीच्या काठाला टेकवायची, म्हणजे नव्या कोंबाला पुढे चालायला मोकळी जागा राहते. अण्णांनी खुंटीला चिंधी अशी बांधली की झाड हललं नाही आणि आवळलंही गेलं नाही. मधेच व्यायामवाली मुलगी आली. दारातच थांबून तिने आईचे काळे झालेले हात, मांडीवरचा कोळशाचा चुरा आणि चेहरा पाहिला. "आज माझी गरज नाही," ती म्हणाली आणि चप्पल काढून आमच्यासोबत जमिनीवर बसली.

त्यानंतरचे दिवस अण्णांना सगळ्यात जड गेले, कारण आता पाणी घालायचं नव्हतं. कापलेल्या जागा सुकेपर्यंत नाही. ऊन वाढत होतं, पानं मलूल दिसत होती, आणि अण्णा तांब्या घेऊन कुंड्यांसमोर उभे राहायचे. "साकु," आई खुर्चीतून म्हणायची. ते तांब्या घेऊन परत जायचे. मग त्यांनी त्यावर तोड काढली. फरशी भिजवायची, चादर भिजवायची, भिंत भिजवायची, झाड सोडून सगळं भिजवायचं. आई डोळे वटारायची, पण चालवून घ्यायची.

दोन चांगल्या भागांनी मुळं धरली. हिरवी टोकं कोळशाकडे वळली, कोळशाला बिलगली, आणि अण्णा चष्मा लावून रोज ती किती सरकली ते बघायला लागले. मागचा कमजोर भाग मात्र वाचला नाही. बुडापासून काळा पडत गेला. आम्ही काळं कापलं, परत पूड लावली, पण ते वर चढत राहिलं. एका सकाळी त्याचं शेवटचं पान हातात आलं. अण्णा ती कुंडी घेऊन आईसमोर उभे राहिले, शाळेत काहीतरी फुटल्यावर पोरं उभी राहतात तसे.

आईने कुंडीत बघितलं. आणि म्हणाली, "जाऊ दे."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. आईला स्वतःलाही ते जरा उशिराच कळलं असावं. तिने ओठांवर हात ठेवला. मग परत म्हणून बघितलं, "जाऊ... दे." मराठी परत आलं ते असं.

लगेच सगळं आलं असं मात्र झालं नाही. शब्द एकेक करून आले, अडत, चुकत, कन्नडात मिसळून. व्यायामाला ती आता मान फिरवत नव्हती. उजव्या हाताची बोटं मिटायला लागली, पुरती उघडत नव्हती. पहिल्यांदा जो विद्यार्थी आला असताना ती जागी राहिली त्याच्याशी ती एका वाक्यात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलली. तो सोलापूरचाच, घरी तेलुगू बोलणारा. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. तो तिसरी भाषा मिसळून उत्तर देत बसला.

आणि अण्णा कन्नड शिकले. म्हणजे त्यांना वाटतं की ते शिकले. त्यांना मूळ, पाणी, फोड, काप, सावकाश, नको आणि पुरे एवढं येतं. मावशीच्या नातीच्या लग्नात ते या भांडवलावर सगळ्या मांडवात फिरले. पंगतीत वाढपी आला की "साकु, साकु." नवऱ्या मुलाचा जिन्यावरून घाईने उतरताना पाय अडखळला तर "मेल्लक, मेल्लक." बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि आई त्यांच्यामध्ये बसून, हळूहळू, दोन्ही भाषांत, आपल्या नवऱ्याची गोष्ट सांगत होती.

लग्नाला जाताना आईने एक कुंडी बरोबर घेतली होती. बेंगळूरला मावशीकडचं मूळ झाड कधीच मरून गेलं होतं. आपल्या वाटणीचं झाड मावशीने मांडीवर घेतलं आणि रडली. दुसरी कुंडी आमच्याकडे आहे. गेल्या दिवाळीनंतर तिला एकच फूल आलं, आधीच्यापेक्षा लहान, आणि ते चांगले काही आठवडे टिकलं. केरात जाता जाता वाचलेल्या जुन्या कांड्यांपैकी एकीला ओल्या काथ्यावर डोळा फुटला, करंगळीच्या नखाएवढा. ती आईने व्यायामवाल्या मुलीला दिली. फूल यायला तिला काही वर्षं लागतील, हे आईने तिला तीन-चार वेळा समजावून सांगितलं. ती मुलगी म्हणाली, मला घाई नाही.

आईचं बोलणं अजून पूर्वीसारखं नाही, होणारही नाही बहुतेक. दमली की शब्द अडतात. तेव्हा ती अण्णांकडे बघते आणि तो शब्द काय असावा याचा ते अंदाज घेत बसतात, दहातले नऊ चुकतात. या आठवड्यात आम्ही आमच्याकडचं दुसरं एक ऑर्किड, पांढऱ्या फुलांचं, उंच कांड्यांचं, सोडवायला घेतलंय. या वेळी कात्री आईने डाव्या हातात स्वतः धरली. अण्णा कुंडी धरून बसले आहेत आणि मी पाण्याचा मग घेऊन मागे उभी आहे. "हितं का?" अण्णा विचारतात. आई मान हलवते, कात्री थोडी वर सरकवते, आणि कापते.